घरात कोंडलेला सिगरेटचा धूर : सारखे विचारले जाणारे प्रश्न

मी ठाण्यात एसी आणि व्हेंटिलेशनची कामं करतो. लोक बोलावतात कूलिंग कमी येतंय म्हणून, आणि निघताना दारात हळूच विचारतात की ह्यांच्या सिगरेटचा वास जायला काय करता येईल हो. नंतर मेसेजही येतात, आणि तेच तेच प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय. प्रश्न लोकांच्याच भाषेत ठेवलेत. मी डॉक्टर नाही, त्यामुळे हवेबद्दल सविस्तर आणि आजारांबद्दल आटोपशीर लिहिलंय.

१. सेकंडहँड स्मोक म्हणजे नक्की काय? ओढणाऱ्याने सोडलेला धूरच ना?

तो पण, पण तो थोडाच. सिगरेट बोटात धरून माणूस गप्पा मारत असतो तेव्हा टोकाला जी निखाऱ्यासारखी जळत असते ना, तिथून सरळ वर जाणारी ती निळसर रेघ, खोलीतला बहुतेक धूर तिथून येतो, साधारण ८५ टक्के. उरलेला तोंडातून सोडलेला. टोकाचा धूर कुठल्या फिल्टरमधून जात नाही, ना सिगरेटच्या ना फुफ्फुसाच्या. शिवाय दोन झुरक्यांच्या मधे निखारा थोडा गार असतो, जळणं अर्धवट होतं, म्हणून त्या धुरात अमोनिया, कार्बन मोनॉक्साइड वगैरे उलट जास्त निघतं. त्यामुळे "मी धूर खिडकीबाहेर सोडतो" म्हणणाऱ्याचा हात कुठे असतो ते बघा. तोंड बाहेर, हात आत.

२. पाच मिनिटांत धूर दिसेनासा होतो, म्हणजे हवा साफ झाली ना?

नाही. धूर दाट असतो तोवर दिसतो, पसरला की दिसत नाही, एवढंच. त्याचे कण मायक्रॉनपेक्षाही (मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक असतात, ते धुळीसारखे खाली बसत नाहीत, तासन्‌तास तरंगत राहतात.

ढोबळ हिशेब करून बघू. एका सिगरेटमधून साधारण १० मिलिग्रॅम बारीक कण, म्हणजे ज्याला पीएम २.५ म्हणतात ते, हवेत येतात. आपली नेहमीची बेडरूम १० बाय १२ ची, उंची साडेनऊ फूट, म्हणजे ३२ घनमीटर हवा. भागाकार केला की घनमीटरमागे ३०० मायक्रोग्रॅमच्या वर आकडा जातो, एका सिगरेटने, दारंखिडक्या बंद असतील तर. आपल्याकडे बाहेरच्या हवेची सरकारी मर्यादा २४ तासांच्या सरासरीला ६० आहे आणि डब्ल्यूएचओने २०२१ मध्ये सुचवलेली १५. आता हे खरं की सरासरी वेगळी आणि एका वेळचा आकडा वेगळा, पण दिवसाला सात-आठ सिगरेटी त्याच खोलीत झाल्या तर सरासरी कुठे जाईल ते तुम्हीच काढा.

३. मग खिडकी उघडून पंखा लावला तर किती वेळात जातो?

हे पूर्णपणे खोलीतली हवा तासात किती वेळा बदलते त्यावर आहे. खिडक्या लावून घेतलेल्या खोलीत फटींमधून तासाला अर्धी हवा बदलते असं धरलं तर धूर ५ टक्क्यांवर यायला ६ तास लागतात. म्हणजे रात्री ११ ला ओढलेली पहाटे ५ पर्यंत खोलीत आहे. समोरासमोर दोन खिडक्या उघड्या आणि वारा आरपार जात असेल, तासाला १० वेळा हवा बदलत असेल, तर तेच काम १८-२० मिनिटांत होतं.

छताचा पंखा हवा फक्त घुसळतो, बाहेर काढत नाही. बंद खोलीत पंखा फुल्ल केला की एका कोपऱ्यातला धूर चारी कोपऱ्यांत समान वाटला जातो. आणि एकच खिडकी उघडली, दार बंद, तर हवा आत यायला आणि बाहेर जायला तोच एक रस्ता, फार काही होत नाही. बाहेर जायला एक वाट लागते आणि आत यायला दुसरी. ही गोष्ट लक्षात ठेवा, प्रश्न ११ आणि १२ मध्ये हीच अंगावर येणार आहे.

४. आमच्याकडे स्प्लिट एसी आहे, तो धूर ओढून बाहेर टाकतो ना?

हा गैरसमज इतका घट्ट आहे की शिकलेली माणसं पण वाद घालतात माझ्याशी. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही आणि आतली बाहेर नेत नाही. भिंतीतून जो पाइप जातो त्यात गॅस असतो, हवा नाही. तीच खोलीतली हवा तो गार करून परत तोंडावर मारतो. वर एसी लावला म्हणून खिडक्या घट्ट बंद, म्हणजे धुराला सगळ्यात सोयीची खोली. जाळीला केस आणि धूळ अडकते, धूर नाही. विंडो एसीला एक छोटी झडप असते, ती उघडली तर थोडी हवा बाहेर जाते, पण थोडीच.

सिगरेट ओढणाऱ्याच्या खोलीतला एसी मी उघडल्याबरोबर ओळखतो. कॉइल धुतली की चहासारखं पाणी निघतं, ब्लोअरवर पिवळट चिकट थर, नुसत्या पाण्याने जातच नाही. दोन दिवस घरी कुणी ओढलेली नसताना एसी चालू केल्यावर जुनाट वास येतो ना, तो ह्या थराचा.

५. घरात कुणालाच वास येत नाही, मग पाहुणे आल्या आल्या नाक का मुरडतात?

कारण नाक फितूर असतं. कुठल्याही वासात काही मिनिटं बसलं की नाक तो वास सांगायचं सोडून देतं. मासळीबाजारात पण असंच होतं, कोळणीला विचारा. म्हणून "मला तर वास येत नाही" ह्याला हवेच्या बाबतीत काडीचा अर्थ नाही. खरं तपासायचं असेल तर घराबाहेर तासभर फिरून या आणि दार उघडल्याच्या पहिल्या दोन श्वासांत काय वाटतं ते बघा. तिसऱ्या श्वासापासून नाक परत फितूर.

ह्यावर डेन्मार्कमध्ये ओले फँगर नावाचे एक प्राध्यापक होते, त्यांनी १९८८ मध्ये वास मोजायला एक एककच काढलं, ओल्फ. एक माणूस, बसून काम करणारा, रोज ०.७ वेळा अंघोळ करणारा (हो, असंच लिहिलंय त्यात, डेन्मार्कची थंडी!), तो हवेत जेवढा वास सोडतो तो एक ओल्फ. आणि सिगरेट ओढत असलेला माणूस? २५ ओल्फ. म्हणजे तुमच्या हॉलमध्ये एकजण ओढत बसला की वासाच्या हिशेबाने २५ माणसं दाटीवाटीने बसलीत. कोंदट वाटणार नाही तर काय होणार.

६. मला धुराने डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो, डोकं जड होतं. नवरा म्हणतो तुझी नाटकं आहेत. ही अॅलर्जी आहे का?

नाटकं नाहीत, आणि बहुतेक वेळा ती अॅलर्जीही नसते. धुरात अॅक्रोलिन, फॉर्मल्डिहाइड, अमोनिया असे झोंबणारे वायू असतात आणि ते सरळ डोळ्याच्या आणि नाकाच्या ओल्या त्वचेला लागतात. अॅलर्जी असायची गरजच नाही, मिरचीची फोडणी लागायला अॅलर्जी लागते का?

ह्यातली गंमत अशी की वासाचं आणि चुरचुरीचं गणित उलटं चालतं. वेळ जाईल तसा वास जाणवायचा कमी होतो पण चुरचुर वाढत जाते. म्हणून बंद खोलीत पत्ते खेळायला बसलेल्या लोकांना दोन तासांनी वास अजिबात येत नसतो आणि डोळे मात्र लाल झालेले असतात, आणि त्यांना वाटतं जागरणाने झाले. कॉन्टॅक्ट लेन्सवाल्यांना, दमेकऱ्यांना आणि सायनसचा त्रास असणाऱ्यांना हे आधी आणि जास्त होतं. दम लागत असेल, छातीत घरघर येत असेल तर माझं वाचत बसू नका, डॉक्टरकडे जा.

७. नुसता त्रास होतो की खरंच आजार होतात?

खरंच होतात, हा वाद आता संपलेला आहे. १९८१ मध्ये जपानच्या हिरायामा यांनी दाखवलं की खूप सिगरेट ओढणाऱ्यांच्या न ओढणाऱ्या बायकांना फुफ्फुसाचा कॅन्सर जास्त होतो, तेव्हा त्यावर बराच गदारोळ झाला होता. पुढे २००६ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलचा, म्हणजे तिथल्या सरकारच्या मुख्य डॉक्टरचा, मोठा अहवाल आला, त्यात घरी किंवा कामाच्या जागी हा धूर घेणाऱ्या न ओढणाऱ्यांना हृदयविकाराचा धोका २५ ते ३० टक्के आणि फुफ्फुसाच्या कॅन्सरचा २० ते ३० टक्के जास्त असं दिलंय, आणि असंही की इतका धूर चालतो अशी कुठली सुरक्षित पातळीच नाही. लहान मुलांत कानाचे इन्फेक्शन, ब्राँकायटिस, दमा बळावणं, आणि तान्ह्या बाळांचा झोपेत अचानक मृत्यू. गरोदरपणी बाळाचं वजन कमी भरतं.

आपल्याकडचं चित्र २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत आहे, भारतातल्या ३८.७ टक्के प्रौढांना घरातच हा धूर मिळतो. आणि ओढणारे किती? १०.७ टक्के. दोन आकडे शेजारी ठेवून बघा.

८. आमचे हे बाल्कनीत जाऊन ओढतात, मग तर प्रश्नच नाही ना?

आत ओढण्यापेक्षा शंभरदा बरं, त्याबद्दल त्यांना चहा द्या. पण शून्य नाही. स्वीडनमध्ये २००४ साली लहान मुलांच्या लघवीत कोटिनिन मोजलं होतं (निकोटिन शरीरात गेलं की त्याचं कोटिनिन होतं, त्यावरून कळतं). आईबाप बाहेर जाऊन, दार लावून ओढणारे असतील तर मुलांत ते न ओढणाऱ्या घरांच्या दुप्पट, कधी बाहेर तर कधी किचनच्या पंख्याखाली ओढणारे असतील तर तिपटीहून जास्त, आणि सरळ घरात ओढणारे असतील तर १५ पट.

आपल्या बाल्कनीचं आणखी एक आहे. मुंबई-ठाण्यात बाल्कनी म्हणजे स्लायडिंग दार अर्धं उघडं, आणि दुपारनंतर खारा वारा पश्चिमेकडून आत येतो. पश्चिमेच्या बाल्कनीत उभं राहून ओढली तर वारा सगळा धूर उचलून हॉलमध्ये आणून ठेवतो. ओढायचीच तर दार पूर्ण लावून, संपल्यावर लगेच आत न येता. शेवटच्या झुरक्यानंतरही साधारण मिनिटभर श्वासातून धुराचे कण निघत असतात, त्यामुळे थोटूक टाकलं आणि लगेच बाळाला उचललं असं नको. दोन-तीन मिनिटं थांबा, हात-तोंड धुवा, शर्ट बदलला तर उत्तम.

९. एअर प्युरिफायर घेतला तर भागेल का? बारा हजाराचा बघून ठेवलाय.

अर्धं काम होईल. चांगला हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे कण ९९.९७ टक्के पकडतो, त्यामुळे मीटरवरचा आकडा झपाझप खाली येतो आणि लोक खूश होतात. पण धूर म्हणजे नुसते कण नाहीत, वायू पण आहेत, आणि वायू हेपामधून आरपार जातात. त्यांच्यासाठी अॅक्टिव्हेटेड कार्बन लागतो आणि स्वस्त मशीनमध्ये तो पातळ काळ्या कापडासारखा असतो, महिन्या-दोन महिन्यांत भरून जातो. मग तोच फिल्टर वास सोडायला लागतो, तेव्हा मला फोन येतो की मशीन खराब झालं.

अमेरिकेतल्या आमच्या धंद्यातल्या इंजिनिअरांच्या संस्थेने, अॅश्रेने, कधीच सांगून टाकलंय की आत सिगरेट ओढली जात असेल तर कुठलंही व्हेंटिलेशन किंवा हवा साफ करणारं यंत्र धोका पूर्ण घालवू शकत नाही, आत न ओढणं हाच उपाय. यंत्रं विकणाऱ्यांचीच संस्था हे सांगते म्हटल्यावर मी वेगळं काय सांगू. शेजाऱ्याचा धूर येत असेल आणि तुमचा इलाज चालत नसेल तर मात्र प्युरिफायर घ्या, फक्त आयोनायझर किंवा ओझोनवाला नको, ओझोन स्वतःच फुफ्फुसाला लागतो.

१०. अगरबत्ती, धूप, कापूर किंवा रूम फ्रेशनरने वास जातो, मग ते चालेल का?

वास झाकला जातो, जात नाही. आणि अगरबत्ती-धूप म्हणजे धुरावर आणखी धूर, त्यातही बारीक कणच असतात. देवापुढे दोन लावता त्याबद्दल मी काही बोलत नाही, पण सिगरेटवर उतारा म्हणून नको.

खरा डोळे उघडणारा विषय आहे डासांची कॉइल. २००३ मध्ये एक अभ्यास झाला होता, त्यात एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगरेटींइतके पीएम २.५ निघतात असं आलं. हे फक्त कणांच्या वजनाबद्दल आहे बरं का, कॉइलमध्ये निकोटिन नसतं, "कॉइल म्हणजे शंभर सिगरेटी ओढल्यासारखं" असं जे फॉरवर्ड फिरतं ते तेवढं सरळ नाही. पण ज्या घरात आजोबांना सिगरेटवरून रोज बोलणी बसतात आणि रात्री दारंखिडक्या लावून पलंगाखाली कॉइल पेटते, तिथे मला हसावं की रडावं कळत नाही. मच्छरदाणी लावा.

११. आमच्या घरात कुणीच ओढत नाही, तरी बाथरूममध्ये रोज सकाळी सिगरेटचा वास येतो. कुठून?

डक्टमधून, म्हणजे पाइपांसाठी ठेवलेल्या उभ्या पोकळीतून. बिल्डिंगमध्ये सगळ्या मजल्यांच्या टॉयलेटच्या काचपट्ट्यांच्या खिडक्या एकाच उभ्या डक्टमध्ये उघडतात. खालच्या मजल्यावरचे काका सकाळी संडासात पेपर आणि सिगरेट घेऊन बसतात (ही सवय आपल्याकडे किती जणांना आहे हे डक्टला विचारा), त्यांचा एक्झॉस्ट धूर डक्टमध्ये ढकलतो, डक्टमधली हवा ऊबदार असेल तर वर चढते, आणि वरच्या ज्या खिडकीत ओढ असेल तिथून आत शिरते.

उपाय सांगतो. तुमच्या एक्झॉस्टला मागून झडपा लावून घ्या, पंखा चालू असताना उघडतात आणि बंद झाला की पडतात, फार खर्च नाही. काचपट्ट्यांच्या फटी बंद करा, एक-दोन पट्ट्या नेहमी निखळलेल्या असतातच. पाइप भिंतीतून जातात तिथली भोकं सिमेंटने किंवा सिलिकॉनने भरा, बेसिनखाली वाकून बघा, तिथे उंदीर जाईल एवढं भोक सापडेल. आणि बाथरूमचं दार लावून ठेवा. हे सगळं करूनही वास वाढला असेल तर पुढचा प्रश्न वाचा.

१२. तुम्ही म्हणालात म्हणून एक्झॉस्ट लावला, आता वास जास्त येतो. असं कसं?

असं होतं, आणि ह्यात पंख्याचा दोष नाही. पंख्याने हवा बाहेर फेकली की तेवढीच हवा कुठून तरी आत यायलाच पाहिजे. तुम्ही सगळ्या खिडक्या लावून घेतल्या असतील तर ती येणार जिन्यातून, मुख्य दाराच्या खालच्या फटीतून, दुसऱ्या बाथरूमच्या डक्टमधून, म्हणजे नेमका जिथे धूर आहे तिथून. तुम्ही स्वतःच शेजाऱ्याचा धूर ओढून घेताय. किचनची चिमणी तर ह्यात राक्षस आहे, तिच्यावर तासाला १२०० घनमीटर असं काही लिहिलेलं असतं, अख्ख्या वन बीएचकेत तेवढी हवा नसते. मग पोळ्या करताना घरात सिगरेटचा वास का येतो हे कोडं सुटतं.

म्हणून चिमणी किंवा एक्झॉस्ट चालू करताना स्वच्छ बाजूची, रस्त्याची नाही आणि डक्टची नाही, एक खिडकी चार बोटं उघडी ठेवा. मुख्य दाराखाली रबरी पट्टी लावा. आणि शेजारचा त्रास फारच असेल तर उलटं करा, स्वच्छ खिडकीत पंखा आत वारा मारेल असा लावा, म्हणजे घरातला दाब किंचित जास्त राहतो आणि धूर आत घुसायच्या ऐवजी बाहेर ढकलला जातो. ऑपरेशन थिएटरमध्ये हेच करतात, तिथे मशीन मोठं असतं एवढंच. बाहेर धूळ किंवा बांधकाम चालू असेल तर मात्र ही युक्ती वापरू नका.

१३. मीटर घ्यावा का घरात?

पीएम २.५ चा छोटा मीटर घेतलात तर घरच्यांना पटवायला कामाला येतो, एका सिगरेटने आकडा कसा उडी मारतो ते डोळ्यांनी दिसतं. पण तो फोडणीला पण उडी मारतो आणि पावसाळ्यात दमट हवेला कधी कधी उगाच वाढीव दाखवतो. वायू तो मोजत नाही. त्यामुळे हिरवा दिवा लागला म्हणजे सगळं आलबेल असं नाही.

१४. विडीचं काय? तंबाखू कमी, कागद नाही, नैसर्गिक पान, म्हणजे कमी त्रास ना?

माझे वडील हेच म्हणायचे. विडीत तंबाखू सिगरेटपेक्षा कमी असते हे खरं, पण तेंदूपत्ता नीट जळत नाही, ओढली नाही की विझते, म्हणून माणूस भराभर आणि खोल झुरके मारतो, आणि त्यात त्याला टार आणि कार्बन मोनॉक्साइड सिगरेटपेक्षा जास्तच मिळतं. मधे मधे विझते म्हणून टोकाचा धूर कमी असं कुणी म्हणेल, पण विडीवाला एकावर थांबत नाही हो, कट्टा संपतो दिवसात. आणि नैसर्गिक पान म्हणाल तर भाताचा पेंढा पण नैसर्गिकच असतो, पेटवून शेजारी बसून बघा.

१५. हुक्का, वेप? त्याला तर छान वास येतो.

छान वास हीच पंचाईत, कारण नाक धोक्याचा इशाराच देत नाही. हुक्क्यात तंबाखूबरोबर कोळसा जळतो आणि कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड बिनवासाचा असतो, बंद खोलीत डोकं गरगरायला लागलं तर "चढली" म्हणून हसू नका, बाहेर हवेत या. डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईत कमला मिल्सच्या आगीत १४ जण गेले, ती हुक्क्याच्या निखाऱ्यांनी लागल्याचं चौकशीत आलं, त्यानंतर २०१८ मध्ये महाराष्ट्रात हुक्का पार्लरवर बंदी आली. वेपची विक्री, आयात, उत्पादन सगळ्यावर देशभर २०१९ पासून बंदी आहे. वेपची वाफ सिगरेटच्या धुरापेक्षा लवकर विरते पण ती पाण्याची वाफ नाही, त्यात निकोटिन असतं.

१६. कायदा काय म्हणतो? सोसायटीच्या जिन्यात, ऑफिसात, परमिट रूममध्ये?

मुंबईचे मुरली देवरा सुप्रीम कोर्टात गेले होते, २ नोव्हेंबर २००१ ला कोर्टाने सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान बंद करायला सांगितलं. मग २००३ चा तंबाखू नियंत्रण कायदा आला आणि २ ऑक्टोबर २००८ पासून कडक नियम. ऑफिस, हॉटेल, थिएटर, मॉल, बस, रिक्षा, सगळं त्यात येतं, दंड २०० रुपयांपर्यंत.

सूट आहे ती विमानतळाला, ३० किंवा जास्त खोल्यांच्या हॉटेलला आणि ३० किंवा जास्त खुर्च्यांच्या रेस्टॉरंटला, तेही वेगळी खोली असेल तरच: चारी भिंती छतापर्यंत, आपोआप लागणारं दार, आणि हवा थेट बाहेर फेकणारी व्यवस्था, म्हणजे खोलीत दाब कमी राहून धूर बाहेरच्या गिऱ्हाइकांकडे येणार नाही. आता तुम्ही बघितलेल्या किती परमिट रूममध्ये असं आहे? बहुतेक ठिकाणी काचेचं एक पार्टिशन आणि कायम उघडं दार. ज्या खोलीचं दार उघडं राहतं तिचं व्हेंटिलेशन कितीही महागडं असो, फुकट गेलं.

तुमच्या फ्लॅटच्या आत हा कायदा येत नाही. जिना, लिफ्ट, लॉबी ह्यासाठी सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत ठराव करून घ्या, बोर्ड लावा. शेजाऱ्याशी आधी चहावर बोला, बहुतेकांना आपला धूर वर जातो हे माहीतच नसतं. आधी पत्र गेलं की मग दहा वर्षं तोंड बघणं बंद.

१७. गाडीत काच खाली करून ओढली तर?

गाडीत आतली हवा जेमतेम तीन घनमीटर. प्रश्न २ चा हिशेब परत करा, आकडा दहापट होतो. काच खाली केल्याने पुष्कळ धूर जातो, पण मागे बसलेल्यांच्या तोंडावरून जातो. एसीचं रिसर्क्युलेशनचं बटण चालू असेल तर विषयच संपला. मुलं असताना गाडीत नकोच, ह्यावर माझं दुसरं मत नाही.

१८. भाड्याने फ्लॅट घेतला, आधीचा भाडेकरू सिगरेट ओढायचा. रंग दिला तरी वास येतो.

निकोटिन भिंतीला, पडद्याला, गादीला, लाकडाला चिकटून बसतं आणि हळूहळू परत हवेत येत राहतं. ओढणारा घर सोडून गेल्यावर दोन महिन्यांनी, साफसफाई होऊन गेल्यावरही, अशा घरांत ते सापडलेलं आहे. शिवाय हवेतल्या नायट्रस अॅसिडशी त्याची प्रक्रिया होऊन कॅन्सरकारक पदार्थ बनतात, आणि ते अॅसिड गॅसच्या शेगडीतूनही येतं. रांगणारं मूल असेल तर जमिनीवरचं सगळं हातातून तोंडात, म्हणून जास्त काळजी.

नुसता रंग मारला तर पिवळे डाग आठवड्यात वर येतात. आधी भिंती आणि छत, छत विसरू नका, डिटर्जंटच्या कोमट पाण्याने दोनदा पुसून काढा, वाळू द्या, मग ऑइल प्राइमर, मग रंग. पडदे आणि गाद्या सरळ बदला. एसीची कॉइल आणि ब्लोअर केमिकल वॉश, प्रश्न ४ मध्ये सांगितलेला थर. फ्लॅट अजून घेतला नसेल तर बघायला जाताना दुपारी जा, घर तापलेलं असताना, आणि एजंटला सांगा सकाळपासून खिडक्या उघडू नकोस.

१९. इन्शुरन्सच्या मेडिकलमध्ये मी ओढत नसून निकोटिन आलं तर? नवरा ओढतो.

शेजारी बसून घेतलेल्या धुराने कोटिनिन येतं पण ओढणाऱ्याच्या तुलनेत फार थोडं, आणि चाचणीची मर्यादा सहसा त्याच्या वर ठेवलेली असते. त्यामुळे नुसत्या धुराने "स्मोकर" ठरणं अवघड. तरी आकडा मोठा आलाच तर आधी आठवा, तपकीर, गुटखा, मशेरी काही लावता का? त्यातलं निकोटिन पण चाचणीत तेच कोटिनिन दाखवतं. एका बाईंना हे विचारलं तर म्हणाल्या, "छे, मी तंबाखू नाही खात, फक्त मशेरी लावते."

२०. आमच्याकडे सिगरेट-विडी कुणीच ओढत नाही, आजी फक्त मशेरी लावते. धुराचा प्रश्न आमच्याकडे नाही ना?

हा माझा आवडता प्रश्न, कारण ह्यात सगळे फसतात. मशेरी तोंडात धूर करत नाही बरोबर, पण ती भाजतं कोण? तंबाखूची पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, त्याचा जो धूर उठतो तो तंबाखूचाच धूर, आणि तो फिल्टरशिवाय, घरातल्या सगळ्यात लहान खोलीत. मशेरी भाजली की शेजारच्या घरापर्यंत ठसका जातो हे गावाकडे वाढलेल्या कुणालाही विचारा. महाराष्ट्रात ओढणारे ३.८ टक्के आणि धूर न करणारी तंबाखू वापरणारे २४.४ टक्के, त्याच २०१६-१७ च्या पाहणीत, म्हणजे आपल्याकडे "आमच्या घरात कुणी ओढत नाही" असं म्हणणारी आणि तरी तव्यावर तंबाखू भाजणारी घरं भरपूर असणार.

आजीला सोडायला लावणं हा मोठा विषय आहे, १८००-११-२३५६ ही सरकारी क्विटलाइन पाकिटांवर छापलेली असते, मशेरीसाठी पण तिथे फोन करता येतो. तोवर निदान एवढं करा, भाजायची तर घरात नाही, मागच्या अंगणात किंवा गच्चीवर चूल मांडून, वाऱ्याकडे पाठ करून, आणि नातवाला मांडीवर घेऊन नाही. फ्लॅटमध्ये असाल आणि गच्ची बंद असेल तर किचनची चिमणी फुल्ल आणि एक खिडकी उघडी, प्रश्न १२ मध्ये सांगितलंय तशी. चिमणी बाहेर पाइप नसलेली, नुसती फिल्टरवाली असेल तर तिचा काही उपयोग नाही, ती धूर गाळून परत तुमच्याच डोक्यावर सोडते.